तेलेमार्कमधला एक वृद्ध वादक

नॉर्वेच्या संगीताचा विषय निघाला आणि त्यात एडवर्ड ग्रीगचे नाव आले की एक वाद हमखास उभा राहतो. ग्रीगने १९०२-०३ मध्ये सतरा ग्रामीण नृत्यधुना पियानोसाठी बांधल्या आणि लाइपझिगच्या पेटर्स या प्रकाशनगृहाने १९०३ साली त्या ‘स्लॉत्तर’ या नावाने, ओपस (म्हणजे रचनाक्रमांक) ७२ म्हणून, छापल्या. एका पक्षाच्या मते मरणपंथाला लागलेली एक लोकपरंपरा ग्रीगने ऐन वेळी वाचवली. दुसऱ्या पक्षाच्या मते एका शहरी, सुशिक्षित, जगप्रसिद्ध संगीतकाराने शेतकऱ्यांचे धन उचलून आपल्या नावावर चढवले. दोन्ही पक्ष आवेशाने बोलतात, आणि दोघांच्याही वाक्यांत कर्ता एकच असतो. वाचवणारा ग्रीग, लुटणाराही ग्रीग. ज्याच्या बोटांतून त्या धुना आल्या तो माणूस दोन्ही कथांमध्ये हात जोडून बसलेला असतो. माझे म्हणणे असे, की १९०१ या वर्षी प्रत्यक्ष काय घडले हे नीट पाहिले तर हा वाद मुळातच वेगळ्या जागी मांडावा लागतो. त्या वर्षीचा पुढाकार ग्रीगचा नव्हता, तेलेमार्कमधल्या एका वादकाचा होता. त्याने जे मागितले ते त्याला मिळाले का, आणि न मागताही जे मिळायला हवे होते त्यातले काय राहून गेले, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर माझ्या मते बऱ्याच अंशी ‘होय’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर एका शब्दात देता येते: नाव.

हा वादक म्हणजे क्नूत डाले. दक्षिण नॉर्वेतील तेलेमार्क प्रांतात तिन नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथला तो. जन्म १८३४ चा. त्याचे वाद्य हार्डिंगफेले, म्हणजे हार्डांगर भागाच्या नावाने ओळखले जाणारे व्हायोलिनच्या जातीचे वाद्य. दुरून पाहिले तर ते व्हायोलिनच वाटते. जवळून पाहिले की अंगावरची काळ्या शाईची वेलबुट्टी, शिंपल्याचे जडावकाम आणि मानेच्या टोकाला बहुधा सिंहाचे किंवा ड्रॅगनचे कोरलेले डोके दिसते. खरा फरक मात्र आत आहे. वाजवायच्या चार तारांखाली आणखी चार किंवा पाच तारा ताणलेल्या असतात; त्यांना गज लागत नाही, वरच्या तारांच्या नादाने त्या आपोआप झंकारतात. सारंगी किंवा सतार जवळून पाहिलेल्यांना ‘तरफेच्या तारा’ एवढे म्हटले की पुरे. घोडी बरीच सपाट असल्याने गज सहजपणे दोन तारांवर फिरतो, आणि चालीच्या खाली किंवा वर एक धरलेला स्वर सतत गुंजत राहतो. तारा जुळवण्याच्या वीसहून अधिक रीती आहेत, आणि जुळवणी बदलली की त्याच वाद्याचा सगळा रंग बदलतो. या वाद्याचा सर्वांत जुना ज्ञात नमुना १६५१ सालचा मानला जातो. तेव्हा डालेच्या हातात असलेली विद्या ही एखाद्या खेडुताची फावल्या वेळातली करमणूक होती असे कोणी समजू नये.

या वाद्यावर वाजणाऱ्या नृत्यधुनेला ‘स्लॉत’ म्हणतात. कागद नसलेल्या या विद्येला स्वतःची शिस्त होती, आणि तिच्या केंद्रस्थानी ‘एत्तर’ हा एक छोटा शब्द होता. ‘एत्तर’ म्हणजे अमुक याच्याकडून, अमुक याच्या रीतीने. एखादी स्लॉत वाजवणारा ती कोणाकडून आली हे सांगतो, आणि ते सांगणे सौजन्याचा उपचार नसते. धुनेच्या ओळखीचाच तो भाग असतो, कारण तीच चाल दुसऱ्या वादकाकडून आलेली असेल तर तिचे वळण निराळे असते. डालेचे दोन थोर गुरू होते. एक होवार्ड गिबोएन, आणि दुसरा तोर्गैर औगुन्सन, ज्याला सारा नॉर्वे ‘मिल्लारगुतेन’, म्हणजे गिरणीवाल्याचा पोर, या नावाने ओळखतो. मिल्लारगुतेन १८७२ मध्ये वारला आणि गिबोएन त्याच्या पुढच्याच वर्षी. दोघांच्या धुना जशाच्या तशा वाजवू शकणारी माणसे नंतर कमी कमी होत गेली, आणि आपण गेलो की हा ठेवा आपल्याबरोबर मातीत जाईल ही भीती डालेच्या मनात बसली.

म्हणून त्याने पत्र लिहिले. पहिले पत्र १८८८ मध्ये, थेट ग्रीगला. या धुना कोणीतरी स्वरलेखनात उतरवून घ्याव्यात ही त्याची विनंती होती. ग्रीगने उत्तर दिले, रस दाखवला, पण काम झाले नाही. मध्ये वर्षे गेली. १९०१ मध्ये डालेने पुन्हा लिहिले. तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता. या वेळी ग्रीग हलला. आपण स्वतः व्हायोलिन वाजवत नाही, तेव्हा हे लेखन आपल्या हातून नीट होणार नाही, हे त्याला कळत होते. त्याने योहान हाल्वोर्सेनला गळ घातली. हाल्वोर्सेन उत्तम व्हायोलिनवादक होता आणि ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, १८९९ साली उघडलेल्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या वाद्यवृंदाचा संचालक होता. नोव्हेंबर १९०१ मध्ये डाले राजधानीत आला, वाजवू लागला, आणि हाल्वोर्सेनने सतरा स्लॉती कागदावर उतरवल्या. ग्रीगने पियानोसाठी पुढे ज्या बांधल्या त्या याच सतरा. मुख्य म्हणजे १९०३ मध्ये पेटर्सने एकाच वेळी दोन वह्या प्रसिद्ध केल्या: एक हाल्वोर्सेनच्या मूळ लेखनाची, एकट्या व्हायोलिनसाठी, दुसरी ग्रीगच्या पियानोच्या मांडणीची. वादात उतरणारे बहुतेक जण पहिल्या वहीचा उल्लेखच करत नाहीत, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

नॉर्वेच्या संगीताचा वर्षवार इतिहास लिहिणारे १९०१ या वर्षापुढे सहसा दुसरीच नोंद करतात. ग्रीगने १८६७ मध्ये सुरू केलेली पियानोसाठीच्या भावकृतींची मालिका या वर्षी दहाव्या खंडाने संपली. एकूण सहासष्ट कृती; आणि शेवटच्या कृतीत त्याने पहिल्या खंडातील पहिलीच चाल पुन्हा घेतली, तिचा संथ वॉल्ट्झ केला आणि वर्तुळ पूर्ण केले. चौतीस वर्षांचे काम असे शांतपणे मिटवणे सुंदर आहे, यात वाद नाही. पण युरोपच्या घराघरांतल्या पियानोंवर वाजणारी ही मालिका बंद करून तोच माणूस काही महिन्यांत स्लॉतींच्या खडबडीत, अनोळखी ध्वनीकडे वळतो, हे मला त्या वर्षातले अधिक मोठे घडणे वाटते. आणि ते घडले टपालाने आलेल्या एका पत्रामुळे.

आता विरोधी बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे घेतले पाहिजेत, कारण ते खरोखर बळकट आहेत. पहिला मुद्दा असा, की स्वरलेखनात ही विद्या मावतच नाही. हे मान्यच केले पाहिजे, आणि ते सर्वांत आधी हाल्वोर्सेननेच मान्य केले होते. डालेच्या वादनातल्या बारीक मुरक्या आणि कंप ओढ्याच्या खळाळातल्या लहान ट्राउट माशासारखे आहेत, पकडायला जावे तो निसटलेले, अशा अर्थाचे त्याने ग्रीगला कळवले होते. पण मुरक्या हा त्यातला सोपा भाग म्हणायचा. खरी अडचण लयीची आहे. ‘स्प्रिंगार’ हे तीन मात्रांचे नृत्य; पण तेलेमार्कच्या स्प्रिंगारमध्ये या तीन मात्रा सारख्या लांबीच्या नसतात. पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. नॉर्वेच्याच वाल्द्रेस भागात हाच क्रम बदलतो आणि पहिली मात्राच आखूड होते. नाचणाऱ्याच्या शरीराच्या वरखाली होण्यातून ही लय जन्मते, आणि ती सांगण्यासाठी युरोपीय स्वरलेखनात साधे चिन्ह नाही. हाल्वोर्सेनच्या कागदावर तीन सारख्या मात्रा आहेत. ज्याने कधी स्प्रिंगार पाहिलेला नाही तो हे पान वाचून जे वाजवील त्यावर तेलेमार्कच्या माणसाचा पाय उचलणार नाही.

दुसरा मुद्दा स्वरांचा. जुन्या वादकांचे काही स्वर पियानोच्या पट्ट्यांमध्ये बसत नाहीत; ते दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असतात. पियानोचे सप्तक बारा समान भागांत कापलेले असते, आणि त्यावर बसवलेली स्लॉत ही मापून कापलेली स्लॉत असते. हा आक्षेप ज्याने आयुष्यभर सर्वांत गंभीरपणे लढवला तो आइविंद ग्रोवेन. योगायोग असा, की त्याचा जन्म १९०१ सालचाच, ८ ऑक्टोबरचा, आणि तोही तेलेमार्कमधल्या लॉर्दालचा. डाले राजधानीत वाजवत होता तेव्हा ग्रोवेन पाळण्यात होता. तो स्वतः हार्डिंगफेले वाजवत असे. त्याने १९२७ मध्ये विलोच्या सालीच्या बासरीच्या नैसर्गिक स्वरांवर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९३० च्या दशकात शुद्ध स्वरांतरे आपोआप साधणारे ऑर्गन घडवण्यामागे लागला. पियानोने लोकसंगीताचा कान बिघडवला हे त्याचे म्हणणे होते, आणि त्यात मोठे तथ्य आहे.

हे दोन्ही मुद्दे मान्य करूनही मला विचारावेसे वाटते, की यातून निष्कर्ष काय निघतो? कागदावर सगळे उतरत नाही, म्हणून काहीच उतरवू नये, असा? तसे असेल तर स्वतः ग्रोवेनचे काय करायचे? याच माणसाने हयातभर हातात पेन धरून असंख्य स्लॉती लिहून काढल्या. हार्डिंगफेलेच्या धुनांचे सात खंड १९५८ ते १९८१ या काळात नॉर्वेत प्रसिद्ध झाले, सुमारे दोन हजार धुनांचे, आणि त्या कामाच्या प्रमुख लेखनिकांत ग्रोवेनचे नाव आहे. लेखनाच्या मर्यादा ज्याला सर्वांत जास्त ठाऊक होत्या त्यानेच सर्वांत जास्त लिहिले, यात मला विसंगती दिसत नाही. लेखन हे संगीत नव्हे, आठवणीचा आधार आहे, हे त्याला कळत होते. डालेलाही कळत होते. सहा दशके जो माणूस कानाने शिकत आणि शिकवत आला त्याला कागदाचा अपुरेपणा आपण समजावून सांगायची गरज आहे का? त्याने सगळे जाणून कागद मागितला. आज त्याच्या वतीने कागदाला विरोध करणारे लोक त्याच्या बुद्धीचा आदर करत आहेत असे मला वाटत नाही.

यावर एक चांगला प्रतिप्रश्न विचारला जातो. फोनोग्राफ होता ना? हंगेरीत बेला विकार १८९६ पासून खेड्यांतली गाणी मेणाच्या नळकांड्यांवर टिपत होता. मग पाच वर्षांनी ख्रिस्तियानियात पेनच का? हा प्रश्न मला योग्य वाटतो, आणि यंत्र वापरले असते तर आज आपण खूप काही ऐकू शकलो असतो हेही खरे. पण त्या नळकांड्यावर दोन-चार मिनिटांचा आवाज मावायचा, प्रत्येक वेळी ऐकताना तो झिजायचा, आणि बोट कुठे पडले, गज कुठे वळला, हे त्यातून कळायचे नाही. हाल्वोर्सेन व्हायोलिनवादक असल्यामुळे या गोष्टी समोर बसून पाहू शकला, थांबवून पुन्हा विचारू शकला. शिवाय डालेचा आवाज अगदीच हरवला असे नाही: पुढे त्याचेही वादन मेणाच्या नळकांड्यांवर घेतले गेले, आणि त्याचा नातू योहानेस डाले याने घरातली रीत ध्वनिमुद्रणाच्या प्रगत काळापर्यंत वाजवत आणली. कागद, नळकांडे आणि नातू या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रत्येक जण दुसऱ्याच्या चुका दाखवतो. आपण शुद्धतेच्या नादात यातला एखादा साक्षीदार आधीच बाद का करावा?

लिहिलेली धून गोठते, एका संध्याकाळचे वादन कायमचे ‘मूळ’ होऊन बसते, असाही आक्षेप आहे. तो खोटा नाही, पण कागदाला जेवढे अमरत्व यात दिले जाते तेवढे त्याला नसते. गाइर त्वाइत या संगीतकाराने हार्डांगर भागात फिरून धुना जमवल्या, त्यांवर वाद्यवृंदाच्या रचना केल्या. १९७० साली त्याच्या घराला आग लागली आणि त्याच्या हस्तलिखितांपैकी फार मोठा भाग जळून गेला. याच्या उलट, हाल्वोर्सेनचा व्हायोलिन कन्चेर्तो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची रचना, १९०९ मध्ये वाजला, मग हरवला मानला गेला, आणि शंभरेक वर्षांनी टोरोंटो विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला. कागद जळतो, हरवतो, अनपेक्षित ठिकाणी निघतो. माणसाच्या स्मरणाचेही असेच आहे. म्हणून जतनाचा एकच मार्ग खरा असे म्हणणाऱ्यांवर, ते कोणत्याही पक्षाचे असोत, माझा विश्वास बसत नाही.

आता ‘ग्रीगने वाचवले’ म्हणणाऱ्यांकडे वळू, कारण त्यांचा दावा मला अधिक ढिला वाटतो. ही परंपरा कशामुळे धोक्यात आली होती? एक तर धर्मसुधारकांमुळे. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या खेड्यांतून कडक धार्मिक जागृतीच्या लाटा गेल्या. त्यांच्या दृष्टीने हार्डिंगफेले हे सैतानाचे वाद्य होते, कारण तिथे नाच, दारू आणि रात्रीचे जागरण यायचे. अनेक वादकांनी वाद्य खाली ठेवले, काहींनी ते जाळले. हा तणाव त्याहून जुना आहे, आणि तो या सतरा धुनांतही आहे: शेवटच्या दोन स्लॉती किव्ले खोऱ्यातल्या मुलींच्या आहेत. आख्यायिका अशी, की तीन मुली डोंगरावर शिंगे वाजवू लागल्या, चर्चमधली माणसे प्रार्थना सोडून ऐकायला बाहेर आली, आणि पाद्र्याने शाप देऊन त्या तिघींना दगड केले. दुसरे कारण स्थलांतर. १८२५ पासूनच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसे नॉर्वे सोडून अमेरिकेला गेली, आणि त्यांत वाजवणारे होते, नाचणारे होते, शिकू शकली असती अशी मुले होती. तिसरे कारण अकॉर्डियन, जे शिकायला सोपे आणि आवाजाला मोठे. या तिन्हींपैकी कशावर पियानोची वही उपाय ठरणार होती? तेलेमार्कच्या कोणत्या लग्नात ओपस ७२ वाजले असते?

परंपरा वाचली ती वादकांनी आपल्या पायांवर उभे राहून वाचवली. डालेने ग्रीगला पहिले पत्र लिहिले त्याच १८८८ साली तेलेमार्कमधल्या बो या गावी हार्डिंगफेलेवादकांची पहिली ‘काप्लाइक’, म्हणजे वादनाची चढाओढ, भरली. १८९६ मध्ये बर्गेनच्या वेस्टमन्नालागे या संस्थेने देशपातळीवरची चढाओढ भरवली. १९२३ मध्ये वादकांची देशव्यापी संघटना उभी राहिली. १९३१ पासून ग्रोवेन आकाशवाणीवर लोकसंगीताचा कार्यक्रम चालवू लागला आणि पंधरा वर्षे चालवत राहिला. चढाओढींनीही संगीत बदलले, हे सांगितले पाहिजे. नाचणाऱ्यांच्या घोळक्यात वाजणारी धून व्यासपीठावर आली, परीक्षकांसमोर ती अधिक सफाईदार आणि कमी नाचरी झाली. पण तो बदल वादकांनी आपल्या हाताने केला, आणि चुकले तर सुधारण्याची मुभाही त्यांच्याच हातात राहिली. २०१९ साली दक्षिण नॉर्वेतील सेतेसदाल खोऱ्यातले गाणे, वाजवणे आणि नाचणे यांचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला, तो तिथे आजही माणसे वाजवतात आणि नाचतात म्हणून.

मग ग्रीगने नेमके काय केले? त्याने एक स्वतंत्र कलाकृती केली, आणि ती फार मोठी आहे. त्याने धुनेखालचा गुंजणारा धरलेला स्वर तसाच ठेवला. तीव्र मध्यम, जो त्या काळचा कुठलाही शिष्ट संगीतकार सरळ करून टाकता, तो त्याने जपला आणि त्याच्याशी टक्कर घेणारे स्वर मुद्दाम शेजारी आणून बसवले. चाळीस वर्षे घराघरांत लाडक्या झालेल्या ग्रीगच्या मधुर शैलीचे रसिक या वहीने गोंधळले, आणि खुद्द नॉर्वेत तिचे स्वागत थंडच झाले. १९०७ च्या उन्हाळ्यात, ग्रीगच्या मृत्यूपूर्वी काही आठवडे, पर्सी ग्रेंजर हा तरुण ऑस्ट्रेलियन पियानोवादक ट्रोल्डहाउगेन या ग्रीगच्या घरी आला आणि त्याच्या बोटांतून ग्रीगला आपल्या या स्लॉती हव्या तशा ऐकायला मिळाल्या. हे पियानोचे संगीत आहे. ते हार्डिंगफेलेची नक्कल करत नाही आणि तिची जागाही घेत नाही. चोरी म्हणावी तर चोरलेली वस्तू मालकाकडून नाहीशी व्हावी लागते. इथे मूळ धून हाल्वोर्सेनच्या वहीत, त्याच वर्षी, त्याच प्रकाशकाकडून, कोणालाही पडताळून पाहता येईल अशी शेजारी ठेवलेली आहे. आपण काय बदलले हे वाचकाला तपासू देणारा लुटारू कोणी पाहिला आहे का? हाल्वोर्सेनच्या बाबतीत तर या भेटीने उलटा प्रवास घडवला. तो स्वतः हार्डिंगफेले शिकला, आणि १९०५ साली रंगभूमीवर आलेल्या ‘फोस्सेग्रिमेन’ या नाटकाच्या संगीतात त्याने वाद्यवृंदासमोर हे वाद्य एकल म्हणून आणले. ज्या वाद्याला चर्चचा उंबरठा बंद होता ते राजधानीच्या नाट्यगृहात पोचले.

मात्र ग्रीगच्या प्रस्तावनेत एक वाक्य आहे ज्याचे समर्थन मी करणार नाही. या धुनांना पियानोच्या स्वरसंवादाची चौकट देऊन कलेच्या पातळीवर उचलणे हा आपला हेतू असल्याचे तो तिथे सांगतो. त्याच प्रस्तावनेत तो त्यांच्या रानटी जोमाचे, लयीच्या नवलाईचे मनापासून कौतुक करतो, हे खरे. पण ‘उचलणे’ म्हटले की खाली काहीतरी आहे हे गृहीत धरले जाते. डालेचे वादन कलेच्या खाली कुठे होते? हा त्या काळाचा समज होता असे सांगून सुटका करून घेता येत नाही, कारण त्याच देशात पन्नास वर्षे आधी वेगळे उदाहरण घडले होते. १५ जानेवारी १८४९ रोजी जगभर गाजलेला व्हायोलिनवादक उले बुल याने मिल्लारगुतेनला ख्रिस्तियानियात आणून आपल्याबरोबर व्यासपीठावर उभे केले. कोणी काही उचलले नाही, कोणी चौकट दिली नाही. गिरणीवाल्याचा पोर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वाद्यावर, राजधानीच्या श्रोत्यांपुढे वाजला. त्या संध्याकाळचा एकही स्वर आज कोणाजवळ नाही, आणि १९०१ चे सगळे स्वर आपल्याजवळ आहेत, हा फरक मी विसरत नाही. पण १८४९ मध्ये नाव होते.

आणि इथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. ग्रीगच्या प्रस्तावनेत या धुना तेलेमार्कमधल्या एका वृद्ध वादकाकडून लिहून घेतल्या असे म्हटले आहे. एक वृद्ध वादक. क्नूत डाले हे नाव तिथे नाही. ज्याने १८८८ पासून तगादा लावला, जो स्वतः वाद्य घेऊन राजधानीत आला, ज्याच्या स्मरणाशिवाय या वहीतली एकही ओळ लिहिली गेली नसती, त्याला छापताना एक जागा आणि एक वय एवढेच मिळाले. धुनांची शीर्षके पाहावीत (हालिंग, गांगार आणि स्प्रिंगदान्स ही नृत्यांची नावे): गिबोएनची वरात, योन वेस्टाफेचा स्प्रिंगदान्स, नील्स रेक्वेचा हालिंग, क्नूत लुरॉसेनचे दोन हालिंग, मिल्लारगुतेनकडून आलेल्या तीन धुना. परंपरेची ‘एत्तर’ची शिस्त ग्रीगला ठाऊक होती, त्याने ती शीर्षकांत पाळली, आणि साखळीतली शेवटची, जिवंत कडी तेवढी गाळली. म्हातारा, लवकरच जाणारा, अनाम लोकांचा प्रतिनिधी म्हणून तो त्या प्रस्तावनेत शिरला. प्रत्यक्षात ग्रीग १९०७ मध्ये गेला आणि हा वृद्ध वादक त्यानंतर चौदा वर्षे, १९२१ पर्यंत, जगला.

कोणी म्हणेल, कायद्याने काहीच चुकले नव्हते. बरोबर आहे. लेखनहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचा नॉर्वे १८९६ मध्येच सदस्य झाला होता, पण त्या कराराचे लक्ष लेखकाकडे आणि त्याच्या लिखित कृतीकडे. पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आलेल्या धुनेला त्याच्या हिशोबात मालक नाही, आणि ती सांभाळणाऱ्याला जागा नाही. कोणी असेही म्हणेल, की आजचे निकष १९०३ च्या माणसांना लावू नयेत. हा आक्षेप मी सामान्यतः मानतो. पण नाव घेण्याचा निकष आजचा नाही. तो ग्रीगपेक्षा जुना आहे, तेलेमार्कच्या शेतघरांत तो रोज पाळला जात होता, आणि त्या निकषानेच १९०३ च्या वहीतली उणीव उघडी पडते. आपल्याला बाहेरून कुठलेही तत्त्व आयात करावे लागत नाही. चोरीचा मोठा आरोप करणाऱ्यांना ही छोटी, नेमकी, सिद्ध करता येणारी चूक पुरेशी वाटत नाही, आणि उद्धाराचे गुणगान करणाऱ्यांना ती दिसत नाही. म्हणून वर्षानुवर्षे वाद चालूनही ती दुरुस्त होण्याच्या कामी फार थोडे लोक लागले आहेत.

दुरुस्ती अशक्य नाही, आणि तिची सुरुवात वाजवणाऱ्यांनीच केली आहे. पियानोवादक आइनार स्टेन-नोक्लेबर्ग आणि हार्डिंगफेलेवादक क्नूत बुएन यांनी या स्लॉती शेजारी शेजारी ध्वनिमुद्रित केल्या आहेत: आधी धून तिच्या वाद्यावर, मग ग्रीगचा पियानो. त्या ऐकताना पियानोच्या मात्राही हळूहळू असमान होत जाताना जाणवतात, कारण पियानोवादकाने कागद बाजूला ठेवून वादकाचा पाय पाहिलेला आहे. ओपस ७२ शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हाल्वोर्सेनची वही विद्यार्थ्यासमोर उघडावी आणि तेलेमार्कचा एक स्प्रिंगार त्याला नाचताना दाखवावा. ती वही १९०३ मध्ये जोडीने छापली गेली ती जोडीने वाचण्यासाठी. मैफलीच्या पत्रिकेत सहाव्या क्रमांकापुढे आजही ‘गांगार, मिल्लारगुतेनकडून’ असे छापतात. त्याच ओळीत, स्वल्पविराम देऊन, ‘क्नूत डालेकडून’ एवढे दोन शब्द बसायला जागा आहे.